कोणताही विषय चालतंय

"पहिली-दुसरीलाच शिकवायचंय ना? मग कोणताही विषय चालतंय की." कॉलेजचा फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात माझ्या भाचीला हे ऐकायला मिळालं. बोलणारा माणूस भला आहे. गावातल्या निम्म्या पोरापोरींचे फॉर्म तोच भरतो, कुणाकडे पैसे नसले तर नंतर दे म्हणतो. मागे रांग होती, साइट सारखी अडकत होती आणि मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह अशा चौकटींपुढे ही पोर थांबून राहिली होती. त्याने आपलं तिला सोपं करून सांगितलं. ती फॉर्म अर्धवट ठेवून माझ्याकडे आली आणि विषयांच्या यादीचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवत म्हणाली, "आत्या, मला लहान लेकरांचीच बाई व्हायचंय. सगळे म्हणूलालेत, सोपे विषय घे, मार्क पडतेत. तू सांग, कोणते घेऊ?" उद्या सांगते म्हणाले. ती गेली, पण दुकानातलं ते वाक्य काही गेलं नाही. स्वयंपाक करताना, भांडी आवरताना, गच्चीवर अंथरूण टाकताना तेच.

वाक्य नवं नव्हतं. नांदेड जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी सगळी नोकरी गेली. लग्नाकार्यात कुणी विचारलं, कितवीला शिकवता, तर मी पहिलीला म्हणायची, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर 'लेकरं सांभाळता होय' असा एक प्रेमळ भाव यायचा. दहावीला गणित शिकवणाऱ्या सरांबद्दल बोलताना हीच माणसं आवाज बदलतात. आपल्या भागात तर लातूर पॅटर्नने बारावीच्या मास्तरांना चौकाचौकातल्या फलकांवर नेलं. मला त्याची असूया नाही, त्यांची मेहनत मी जवळून पाहिली आहे. पण त्यांच्या वर्गात बसलेलं पोरगं कधीतरी कुठल्यातरी वाडीवर, पत्र्याच्या खोलीत, दहा काड्यांचा एक गठ्ठा बांधायला शिकलेलं असतं. तो गठ्ठा बांधायला शिकवणारीला काय काय यावं लागतं, याचा विचार फॉर्म भरताना कुणी करत नाही.

मागे एकदा डी.एल.एड.ची, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेची (पूर्वीची डी.एड.), एक छात्राध्यापिका आमच्या शाळेत आंतरवासितेला आली होती. हुशार मुलगी, बी.ए.ला पहिला वर्ग, पाठ टाचणाची वही पाहून डोळे निवावेत इतकी देखणी. दुसरीचा वर्ग, बेचाळीस वजा सतरा. तिने फळ्यावर सुरेख मांडणी केली: दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक उसना घेतला, दोनाचे झाले बारा. पहिल्या ओळीतल्या पोराने बसल्या जागेवरून विचारलं, "बाई, एकच आणला ना? मग तीन व्हावं लागतेत. बारा कशे झाले?" वर्ग गप्प झाला. मुलीला उत्तर येत होतं, म्हणजे पंचवीस येत होतं. बारा कसे झाले हे तिच्या सगळ्या शिक्षणात तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि दहावीनंतर तिचं गणित सुटलं होतं. मी कोपऱ्यातून तुराट्यांचे गठ्ठे आणले. चार गठ्ठे, दोन सुट्या. पोराला म्हटलं, एक गठ्ठा सोड. त्याने रबर काढून मनगटात घातलं, काड्या फरशीवर पसरल्या आणि एकेक बाजूला सारत मोजल्या. दहा, आणि आधीच्या दोन. मोजून झाल्यावर तो माझ्याकडे बघेना, फळ्याकडे बघत होता. तिथे चार खोडून तीन केलेले होते, त्या तिनाकडे. मग खाली उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडे. ती छात्राध्यापिकाही तिथेच उकिडवी बसली होती. मला दोघांचे चेहरे सारखेच वाटले.

हे गणित बारावीच्या गणिताइतकंच खोल आहे, असं मी मानते. फक्त ते कुणाला अवघड दिसत नाही.

आमच्या वेळी निवडीचा प्रश्नच नव्हता. बारावी झाली, डी.एड.ला नंबर लागला, दोन वर्षं पाठ घेतले, नोकरी लागली. खळ आणि पोस्टर कलरचा वास, कार्डशीटच्या गुंडाळ्या सांभाळत एस.टी.त उभं राहणं, निरीक्षक बाईंची लाल शाई, एवढंच आठवतं. बालमानसशास्त्र पाठ केलं, त्याचा अर्थ पुढे लेकरांनी शिकवला. मग २००० नंतरच्या दहा वर्षांत आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला डी.एड. कॉलेजं निघाली. पोराची डी.एड. म्हणजे हमखास नोकरी, म्हणून माणसांनी वावरं गहाण टाकली. २०१० नंतर भरती थांबली ती बरीच वर्षं थांबली. २०१३ला टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१७ला अभियोग्यता चाचणी आणि भरतीचं पवित्र पोर्टल. तोवर कितीतरी पोरांची वयं निघून गेली. त्यातली काही आज मेडिकलच्या काउंटरवर दिसतात, "नमस्कार मॅडम" म्हणतात, आणि मला गोळ्यांची चिठ्ठी पुढे करताना त्यांच्या डोळ्यांत बघवत नाही. उत्तम शिक्षक झाले असते त्यातले बरेच. म्हणून माझा भाऊ लेकीच्या या हट्टाला कचरतो, ते मला कळतं. तो म्हणतो, "अक्का, बी.ए. बी.एड. करू दे, दोन्हीकडं चालतंय." आता ते चालत नाही. ११ ऑगस्ट २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की पहिली ते पाचवीला बी.एड. पात्रता धरता येणार नाही, तिथे प्राथमिकचीच पदविका लागेल. या निकालाने बी.एड. झालेल्या लाखोंचा हिरमोड झाला, त्यांचं दुःख खरं आहे. तरी मला आतून बरं वाटलं. लहान लेकरांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे, मोठ्यांच्या शिक्षणाची ती पातळ केलेली आवृत्ती नव्हे, हे कुणीतरी मोठ्या जागेवरून बोललं.

देगलूरकडची माझी पहिली शाळा. तेलंगणाची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा ती आंध्राची होती. वर्गात निम्म्या लेकरांच्या घरात तेलुगू. संख्यालेखन घेताना मी म्हणायची त्रेसष्ट, आणि वर्गातली बरीच पोरं छत्तीस लिहायची. आधी तीन ऐकू येतात, म्हणून आधी तीन लिहितात, यात लेकराची चूक कुठे आहे? एक मुलगी होती, आईबरोबर बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसणारी. तिला मराठीत सांगितलं की ती पाटीवर छत्तीस लिही, मग थांबे, ओठांतल्या ओठांत "अरवै मूडु" म्हणे, पुसे आणि त्रेसष्ट लिही. तेलुगूत साठ आधी येतात, तीन नंतर, जसे ते लिहायचे असतात तसे. तिची आई हिशेबात कधी चुकत नव्हती आणि पोरगी माझ्या वर्गात 'कच्ची' ठरत होती. मी पाटीवरचं ते पुसणं पाहिलं आणि तिला म्हटलं, मोठ्याने म्हण, तुझ्या घरच्या भाषेत म्हण. पुढे २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ तीन', 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढं वादळ उठलं! मंगला नारळीकरांसारख्या गणिताच्या अभ्यासक त्या समितीच्या प्रमुख, पण त्यांनाही लोकांनी सोडलं नाही. मराठी बुडणार म्हणून कळकळीने बोलणारी माणसं होती, त्यांची कळकळ मी समजू शकते. एकोणसत्तर, अडुसष्ट हे उच्चार मलाही प्रिय आहेत. वर्गात मी दोन्ही वापरत आले. आधी साठ तीन, गठ्ठे दाखवून, मग त्याचंच नाव त्रेसष्ट. मला एवढंच कळत होतं की त्या वादात बोलणाऱ्या फार थोड्यांनी सात वर्षांच्या लेकराला संख्या लिहिताना जवळ बसून पाहिलं होतं.

नंतर मुखेड तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर बदली झाली. तिथे तर पहिल्या दिवशी माझंच बोलणं वर्गाला परकं. पुस्तकात आई, घरात याडी. चित्रात भाकरी, आणि लेकरू म्हणतं बाटी. बरोबरच म्हणतं, त्याच्या घरात भाकरीला बाटीच म्हणतात. एक पोरगा दसऱ्यापर्यंत वर्गात एक अक्षर बोलला नाही. शाळा सुटली की तोच पोरगा ओढ्याच्या काठावर शेळ्यांना अशा काही शिव्या आणि लाड एका दमात सुनवायचा की ऐकत राहावं. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याच्या नावापुढे 'अप्रगत' लिहायला सांगितलं. मी चौथीतल्या दोन मुलींना हाताशी धरलं. मी फळ्यावर चित्र काढायची, त्या गोरबोलीत, त्यांच्या घरच्या भाषेत, नाव सांगायच्या, मी ते देवनागरीत लिहायची आणि त्याच्या शेजारी पुस्तकातलं नाव. असं करत करत जमायला लागलं तोवर दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. ट्रॅक्टरवर संसार, वर भांडी, भांड्यांवर लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यावर. वर्ग अर्धा रिकामा. आजीजवळ राहिली त्यांना हंगामी वसतिगृहाचं जेवण, बाकीची उसाच्या फडात. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आली तेव्हा अक्षरं पुसली गेली होती, पण तो न बोलणारा पोरगा मोळ्या मोजायला शिकून आला होता आणि मला मराठीत सांगत होता, "बाई, आमच्या बापाच्या मोळ्या सगळ्यात जड." त्या दिवशी मी हजेरी घेतलीच नाही. त्याला मोळ्याच मोजायला लावल्या, फळ्यावर, रेघांच्या.

आता मला सांगा, या वर्गासाठी 'कोणताही विषय' चालेल? भाषा म्हणजे काय, बोली कशी असते, घरची भाषा सोडून दुसरीत पाऊल टाकताना लेकराच्या डोक्यात काय होतं, हे जिला माहीत आहे अशी बाई त्या तांड्याला हवी. बी.ए. मराठीला कथा-कवितांबरोबर भाषाविज्ञान आणि बोलींचाही अभ्यास असतो. पोरी त्याला नीरस म्हणून घाबरतात, गाईड आणून उरकतात. स्वर-व्यंजनं तोंडात कुठे तयार होतात हे त्या पेपरात येतं, आणि पहिलीतलं लेकरू 'ट'ला 'त' का म्हणतं याचं उत्तर तिथेच असतं. आपल्या मराठवाड्याला तर हे नवं असू नये. माझे आजोबा गावात मराठी शिकले आणि पुढच्या वर्गांना उर्दूत गेले, निजामाचं राज्य होतं, १९१८ला निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. ते मरेपर्यंत सही उर्दूत करायचे आणि हरिपाठ मराठीत म्हणायचे. वर्गात भाषा कळेना म्हणून खाली मान घालून बसलेल्या दिवसांबद्दल ते फार कमी बोलत. एकदाच म्हणाले होते, "येत होतं गं सगळं, सांगता येत नव्हतं." तेलुगू घरातली माझी मुलगी, तांड्यावरचा तो पोरगा आणि आजोबा, तिघं एकाच बाकावर बसलेले मला दिसतात. भाची ज्या विद्यापीठाची पदवी घेणार, ते नांदेडचं विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४चं, आणि ज्यांचं नाव त्याला आहे ते स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिसंग्रामाचे पुढारी होण्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईला मुख्याध्यापक होते. शिक्षकाचं नाव पदवीवर असणार आहे, हे मी तिला मुद्दाम सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली, केस ओले, हातात वही. मी म्हटलं, मेजर मराठी घे, आणि भाषाविज्ञान गाईडवर सोडायचं नाही. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतून घ्यायचा असतो, तर तिथे गणिताचं काही मिळतंय का बघ; मूलभूत गणित, संख्याशास्त्र, जे असेल ते. तिचा चेहरा उतरला. दहावीनंतर तिने गणिताचं पुस्तक उघडलेलं नाही. मी तिला टीईटीचा पहिला पेपर दाखवला: दीडशे गुण, त्यात बालविकास, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकाला सारखे तीस. प्राथमिकची बाई एका विषयाची नसतेच. सकाळी बेरीज, दुपारी कविता, मधल्या सुट्टीत कुणाच्या गुडघ्याला हळद. जिला एका विषयाची भीती आहे तिची ती भीती वर्गात उतरते, लेकरं ती पटकन ओळखतात. म्हणून गणित आताच घे, अठराव्या वर्षी, कुणी परीक्षेचा धाक घालायच्या आत. पदवी आधी कर, डी.एल.एड. नंतर. भाऊ म्हणाला, तीन वर्षं वाया. मला तसं वाटत नाही. पदवी आणि पदविका दोन्ही असल्या तर सहावी ते आठवीचं दारही उघडं राहतं, आणि तीन वर्षांनी वाढलेली मुलगी वर्गात जास्त शांत उभी राहते. शनिवारी गावातल्या अंगणवाडीत जाऊन बस, असंही सांगितलं. नुसतं बसायचं. लेकरं काय मोजतात, काय मोजत नाहीत, ते वहीत लिहायचं. याला क्रेडिट मिळत नाही, पण माझ्या मते हा तिच्या तीन वर्षांतला सगळ्यात मोठा पेपर.

भावाचा मुख्य प्रश्न मात्र राहतोच. नोकरीची हमी कोण देणार? शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं १६ हजारांवर काढायची, पट वीसच्या खाली गेला की शाळेचंच काय होईल याचा घोर. मी त्याला खोटी आशा दाखवली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालाने नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना सूट, म्हणून मी त्यातून सुटले. माझी एक सहकारी सुटली नाही. वीस वर्षं पहिली घडवलेली बाई, रात्री चष्मा लावून बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवते आणि फोन करून मला विचारते, "अगं, हे आपण रोज करतो, याला नाव काय असतं?" तिचा संताप मला मान्य आहे. त्याच वेळी परवा तीच म्हणाली, की वाचताना दोन-तीन लेकरं आठवली, ज्यांना आपण मंद म्हणत होतो. फोनवर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

फॉर्म आता भरला गेला आहे. मराठी घेतली. गणिताचा पेपर ओपन इलेक्टिव्हला मिळाला, ती अजून त्याच्याकडे संशयाने बघते. वाद उरला आहे तो दुसऱ्या विषयाचा, कारण त्या कॉलेजात भूगोल आणि मानसशास्त्राचे तास एकाच वेळी येतात. माझं मत मानसशास्त्र. तिला भूगोल पाहिजे. ती पाचवीत असताना सुट्टीत माझ्या शाळेत यायची, तेव्हा मी चौथीच्या लेकरांना आपापल्या वावरातली माती बाटलीत आणायला सांगितली होती. पाणी घालून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. नदीकाठची वाळूसकट झटकन बसली, माळावरची मुरमाड लगेच बसली, आणि आमच्या काळ्या जमिनीची बाटली दुसऱ्या दिवशीही गढूळच. एका पोराने विचारलं होतं, आमचीच का बसत नाही? ते उत्तर तिला तेव्हापासून पाहिजे आहे म्हणे. "आणि आत्या, मानसशास्त्र डी.एल.एड.ला येणारच की," ती म्हणाली. "काळी माती तिथं कोण शिकवणार?" विषय बदलायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, आणि मला अजून हिचं म्हणणं खोडता आलेलं नाही.